जीसीएसईचे ग्रेड आणि सिक्स्थ फॉर्मचा प्रवेश: आधी विषयाची अट वाचा

रेडिंगहून एका ताईंनी विचारलंय: "आम्ही तीन वर्षांपूर्वी पुण्याहून इकडे आलो. मुलगी इयर ११ मध्ये आहे. मॉकनंतर शाळेने दिलेले प्रेडिक्टेड ग्रेड असे: गणित ६, कम्बाइन्ड सायन्स ६-५, इंग्लिश लँग्वेज ५, लिटरेचर ६, जिऑग्रफी ७, स्पॅनिश ५, आर्ट ७. तिला ए-लेव्हलला गणित, केमिस्ट्री आणि बायॉलॉजी घ्यायचंय. मुलगा इयर ९ मध्ये आहे, त्याचा ऑप्शन्सचा फॉर्म भरायचाय. ग्रेड ६ म्हणजे आपल्या दहावीचे किती टक्के? आणि 'किमान पाच विषयांत ग्रेड ५' या अटीत नेमकं काय धरतात?"

ताई, मी एकोणीस वर्षं इंग्लंडमधल्या सरकारी सेकंडरी शाळांमध्ये गणित शिकवतेय आणि गेली नऊ वर्षं निकालाच्या दिवशी सिक्स्थ फॉर्मच्या प्रवेशाच्या टेबलावर बसतेय. तुमच्यासारखे पालक दरवर्षी समोर येतात. दहावी-बारावीचा हिशोब डोक्यात पक्का असतो आणि इथला हिशोब त्यात बसवायचा प्रयत्न चाललेला असतो. तो बसत नाही. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. नव्याने वाचणाऱ्यांसाठी: जीसीएसई म्हणजे इयर ११ च्या शेवटी, साधारण सोळाव्या वर्षी होणारी परीक्षा; सिक्स्थ फॉर्म म्हणजे त्यापुढची दोन वर्षं, आपल्या अकरावी-बारावीसारखी, आणि ए-लेव्हल हे तिथले विषय; मॉक म्हणजे सराव परीक्षा, आणि ऑप्शन्स म्हणजे जीसीएसईसाठी निवडायचे विषय. हे सगळं इंग्लंडपुरतं आहे. वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडमध्ये अजून अक्षरांचे ग्रेड आहेत, आणि स्कॉटलंडची परीक्षापद्धत मुळातच वेगळी आहे.

आधी टक्क्यांचं. ग्रेड ९ सगळ्यात वरचा, १ सगळ्यात खालचा आणि त्याखाली यू, म्हणजे ग्रेडच नाही. इंग्लिश आणि गणिताला हे आकडे २०१७ साली आले, बाकीचे विषय पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यात आले. जुन्या पद्धतीशी सांधा जुळवायचा तर ७ ची खालची रेघ म्हणजे जुना ए, आणि ४ ची खालची रेघ म्हणजे जुना सी. ४ ला 'स्टँडर्ड पास' म्हणतात, ५ ला 'स्ट्राँग पास'. पण कोणत्याही ग्रेडला ठरलेले टक्के नाहीत. पेपर तपासून झाले की त्या वर्षीचा पेपर किती अवघड होता हे बघून बोर्ड प्रत्येक ग्रेडची गुणांची सीमा ठरवतं. एक्यूए, पिअर्सन एडेक्सेल, ओसीआर, एडुकास ही बोर्डं वेगळी, प्रत्येकाच्या सीमा वेगळ्या, आणि या सगळ्यांवर ऑफक्वॉल या नियामकाची नजर असते.

गणिताचं उदाहरण देते, कारण ते माझ्या हातातलं आहे. एक्यूए आणि एडेक्सेलच्या हायर टियरला (म्हणजे वरच्या, अवघड स्तराला) तीन पेपर, दीड-दीड तासाचे, प्रत्येकी ८० गुणांचे, एकूण २४०. त्यातला एक कॅल्क्युलेटरशिवाय. गेल्या काही वर्षांचा अनुभव असा की २४० च्या पाव भागाच्या आतबाहेर ग्रेड ४ मिळतो, निम्म्याच्या आसपास ६, आणि ७ साठी साठ-पासष्ट टक्के लागतात. दहावीला गणितात पन्नास टक्के म्हटलं की आपल्या घरात चेहरे पडतात, इथे तेवढ्यावर ६ येतो. म्हणून मुलीने मॉकमध्ये २४० पैकी १२५ सांगितले तर तिला रागावू नका. पण ६ आहे म्हणून निश्चिंतही होऊ नका. का, ते पुढे सांगते. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा तोच आहे.

'पाच विषयांत ग्रेड ५'मध्ये कम्बाइन्ड सायन्स (बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स एकत्र) दोन विषय म्हणून धरतात, म्हणूनच त्याचा ग्रेड जोडीने येतो: ९-९, ९-८, ८-८ असा खाली १-१ पर्यंत. इंग्लिश लँग्वेज आणि लिटरेचर हे दोन वेगळे जीसीएसई. इंग्लिश आणि गणित त्या पाचांत असलेच पाहिजेत, असं जवळपास सगळीकडे लिहिलेलं असतं. काही सिक्स्थ फॉर्म पाच विषयांऐवजी सगळ्या ग्रेडची सरासरी मागतात, तर चुरस असलेली काही ठिकाणं उत्तम आठ विषयांची बेरीज करून त्यावर आकडा ठेवतात. तुमच्या मुलीचे आठ जीसीएसई होतात, आठही ५ किंवा वर आहेत, म्हणजे ही सर्वसाधारण अट ती आरामात पार करते.

ती अट म्हणजे संस्थेत पाऊल ठेवण्याची परवानगी. वर्गात बसण्याची अट वेगळी असते आणि ती प्रत्येक विषयाच्या नावापुढे स्वतंत्र लिहिलेली असते. पालक प्रॉस्पेक्टसचं पहिलं पान वाचतात, तिथे पाच ग्रेड ५ दिसतात, आणि निर्धास्त होतात. विषयांची पानं मागे असतात. ए-लेव्हल गणिताला कुठे ६ चालतो, बऱ्याच ठिकाणी ७ लागतो. फर्दर मॅथ्सला (गणिताच्या जोडीचा पुढचा, वेगळा ए-लेव्हल) ७ किंवा ८, कुठे ९ सुद्धा. केमिस्ट्री, बायॉलॉजी, फिजिक्सला कम्बाइन्डमध्ये ६-६ किंवा ७-७, ट्रिपल (तिन्ही सायन्सचे तीन वेगळे जीसीएसई) घेतलेलं असेल तर त्या विषयात ६ किंवा ७, आणि सोबत गणितात ६. सायकॉलॉजीला सहसा इंग्लिश, गणित आणि सायन्स तिन्हींत ५ किंवा ६ बघतात. हिस्टरीसारख्या लिहिण्याच्या विषयांना इंग्लिशचा ग्रेड बघतात. इकॉनॉमिक्सला बहुतेक ठिकाणी गणित ६.

हे आकडे संस्थेगणिक बदलतात. एकाच गावातल्या दोन शाळांत एका ग्रेडचा फरक सहज असतो, आणि अटी दरवर्षी थोड्या हलतात. म्हणून ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्याच वर्षीचं पान बघा, शेजारच्या मुलाला दोन वर्षांपूर्वी काय लागलं ते विचारात घेऊ नका.

आता ग्रेड ६ आणि ए-लेव्हल गणित.

काही वर्षांपूर्वी निकालाच्या दिवशी एक मुलगा आईबरोबर माझ्या टेबलाशी आला. गणित ६, आमच्याकडची अट ६. कागद बरोबर होता, प्रवेश द्यायचाच होता. तरी मी त्याच्यासमोर कोरा कागद ठेवला आणि म्हटलं, ३x² − १०x + ८ चे अवयव पाड. तो दोन मिनिटं कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मिस, हा प्रश्न आला की मी सोडून पुढे जायचो." ग्रेड ६ त्याने प्रामाणिकपणे मिळवला होता. टक्केवारी, गुणोत्तर, आलेख, सांख्यिकी, सोपी भूमिती, यांत एकही गुण सोडला नव्हता. पण ६ म्हणजे हायर पेपरचा जवळपास निम्मा भाग न सुटलेला, आणि त्याचा तो निम्मा भाग म्हणजे बीजगणित होतं. ए-लेव्हल गणित सप्टेंबरमध्ये तिथूनच सुरू होतं: करणी, घातांक, वर्गसमीकरणं, बीजगणितीय अपूर्णांक. पहिल्या तीन-चार आठवड्यांत हे सगळं भराभर उजळणी म्हणून होतं, नवीन म्हणून शिकवलं जात नाही. तो मुलगा ऑक्टोबरच्या सुट्टीपर्यंत टिकला, मग जिऑग्रफीत गेला. तिथे तो उत्तम रमला. पण मधल्या सात आठवड्यांत त्याने स्वतःला मठ्ठ समजायला सुरुवात केली होती, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तर तुमच्या मुलीला आज संध्याकाळी तीन गणितं घाला. वरचे अवयव; उत्तर (३x − ४)(x − २). x² + ६x + २ = ० हे वर्ग पूर्ण करून सोडवायला सांगा; (x + ३)² = ७ इथपर्यंत ती आली की समजलं. आणि y चं सूत्र फिरवून x एकटा करण्याचं एखादं, ज्यात x दोन ठिकाणी आलेला असेल. तिन्ही जमली तर तिचा ६ भक्कम आहे आणि तो ७ होईल. अडखळली तर मेपर्यंत बाकी काही नको, आठवड्यातले तीन तास फक्त बीजगणित. तुम्ही स्वतः दहावीला बीजगणित केलंय. क्लास लावण्याआधी तुम्हीच तिच्याजवळ बसून बघा, ते तुमच्या अजून हातात असेल.

टियरचं एक विचारून घ्या. प्रेडिक्टेड ६ आहे म्हणजे ती हायरलाच असणार, पण इतर वाचणाऱ्यांसाठी सांगते: फाउंडेशन टियरमध्ये जास्तीत जास्त ५ मिळतो. म्हणजे फाउंडेशनला बसलेल्या मुलाला ए-लेव्हल गणिताची वाट तिथेच संपते, सायन्सचीही बहुधा. उलट हायरला ३ च्याही खाली घसरलं तर थेट यू. त्यामुळे शिक्षक फाउंडेशन सुचवतात तेव्हा त्यात अपमान मानू नका, पण 'का' हे नक्की विचारा, आणि नोंदणी व्हायच्या आधी, हिवाळ्यातच विचारा. इंग्लिशला टियर नसतात.

सायन्सचं. तिचा ६-५ हा ग्रेड मला गणितापेक्षा जास्त खटकतो, कारण तो काहीच सांगत नाही. एक्यूएच्या कम्बाइन्डला सहा पेपर असतात: बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्सचे दोन-दोन, प्रत्येकी सव्वा तास आणि ७० गुण. ४२० पैकी एकत्र बेरीज होते आणि तिच्यातून एकच जोडग्रेड निघतो. समजा बायॉलॉजीत तिला मॉकमध्ये ५० पडले आणि केमिस्ट्रीत ३०, तर ६-५ मध्ये हे दोन्ही लपून जातात. शाळेकडे पेपरनिहाय गुण असतात. उद्याच सायन्सच्या शिक्षकांना दोन ओळींचा ईमेल टाका आणि मॉकचे सहाही आकडे मागा. केमिस्ट्री मागे असेल तर उरलेला वेळ तिथे घालवा. मोल, समीकरणं तोलणं, बंध हे तीन भाग पक्के झाले की गुण भराभर वाढतात. सिक्स्थ फॉर्मवालेही सीमेवरच्या मुलांचे हे पेपरनिहाय आकडे मागतात. मी स्वतः कितीदा मागितलेत.

"ट्रिपल नाही घेतलं, आता सायन्सला प्रवेश मिळेल का?" ही काळजी आपल्या लोकांत फार आहे. मिळतो. कम्बाइन्ड घेऊन ए-लेव्हल सायन्सला जाणारी मुलं माझ्या वर्गात दरवर्षी असतात. ट्रिपलवाल्यांना सुरुवातीला थोडी आघाडी असते, ती नाताळपर्यंत विरते.

मनात मेडिकल असेल तर हेही लक्षात ठेवा की जीसीएसईचे ग्रेड अठराव्या वर्षी पुन्हा समोर येतात. अनेक मेडिकल स्कूल्स इंग्लिश लँग्वेज, गणित आणि सायन्समध्ये ६ किंवा वर मागतात. तिचा इंग्लिश लँग्वेजचा ५ तिथे आड येऊ शकतो. गंमत म्हणजे लिटरेचरमध्ये तिला ६ आहे, म्हणजे लिहिता येतंय. लँग्वेजच्या पेपरमध्ये न वाचलेला उतारा समोर येतो आणि वेळ संपतो. आठवड्याला एक उतारा, घड्याळ लावून, एवढं पुरे. लिटरेचरसाठी शेक्सपिअरची अवतरणं पाठ करण्यात मुली रात्री घालवतात आणि लँग्वेजला 'त्याचा काय अभ्यास करायचा' म्हणून सोडून देतात.

आता मुलाचे ऑप्शन्स. इंग्लिश, गणित, सायन्स ठरलेलं. त्यापलीकडे तीन किंवा चार रकाने मिळतात आणि प्रत्येक रकान्यातून एक विषय. घरोघरी याचं फार टेन्शन घेतलं जातं, तेव्हा माझं मत सरळ सांगते: जे नंतर सुरू करता येत नाही ते आत्ता घ्यावं. इकॉनॉमिक्स, सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी, लॉ, बिझनेस, यातला कुठलाही विषय ए-लेव्हलला कोऱ्या पाटीवर सुरू होतो, जीसीएसई लागत नाही. कम्प्युटर सायन्सलाही बऱ्याच ठिकाणी गणिताचा ग्रेडच जास्त बघतात. पण फ्रेंच किंवा स्पॅनिश आत्ता सोडलं तर ए-लेव्हलला घेता येत नाही. संगीत आणि आर्टचं थोड्याफार फरकाने तसंच. त्यामुळे 'पुढे कॉमर्सला जायचंय म्हणून बिझनेस घे' या तर्काने मुलाची आवडती भाषा किंवा हिस्टरी काढून टाकू नका.

भाषेवरून मराठी पालक नेहमी विचारतात. गुजराती, बंगाली, पंजाबी, उर्दू यांचे जीसीएसई आहेत. मराठीचा नाही, आणि मला याची खंत आहे. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाच्या कानाला दोन भाषांची सवय असते, ती स्पॅनिशमध्ये उपयोगी पडते. उरलेल्या विषयांत हेही बघा की परीक्षा कशी आहे. आर्टचे ६० टक्के गुण दोन वर्षांच्या पोर्टफोलिओचे असतात, डिझाइन टेक्नॉलॉजीचे निम्मे प्रकल्पाचे. दोन असे विषय एकत्र घेतले की इयर ११ चा हिवाळा रात्री जागून स्केचबुक भरण्यात जातो. परीक्षेला आयत्या वेळी घाबरणाऱ्या मुलासाठी मात्र असा एक विषय आधार असतो. मे-जूनमध्ये वीसहून जास्त पेपर असतात, त्यातले दोन कमी झाले तरी फरक पडतो.

दहावी करून सोळाव्या वर्षी भारतातून आलेल्या मुलांबद्दलही बऱ्याचदा विचारणा होते, म्हणून थोडं. कॉलेजं एसएससी किंवा सीबीएसईची गुणपत्रिका विषयवार बघतात, बऱ्याचदा स्वतःची चाचणी घेतात, आणि इंग्लिशचा जीसीएसई सोबत करायला सांगू शकतात. मूळ गुणपत्रिका बॅगेत हवीच, नववीचे निकालही आणा. पण मूल पंधरा वर्षांचं असताना आणि जानेवारीत आणत असाल तर वयाप्रमाणे त्याला बऱ्याचदा इयर ११ मध्ये बसवलं जातं. परीक्षेला चार-पाच महिने उरलेले असतात आणि न वाचलेलं नाटक, न वाचलेली एकोणिसाव्या शतकातली कादंबरी समोर असते. बदली लांबवणं किंवा अलीकडे घेणं तुमच्या हातात असेल तर इयर १० च्या सप्टेंबरला मूल इथल्या वर्गात असेल असं बघा. ते शक्य नसेल तर एक वर्ष मागे बसवण्याची लेखी विनंती करा. निर्णय शाळेचा किंवा स्थानिक कौन्सिलचा असतो, पण न विचारता कुणी देत नाही.

इंग्लिश किंवा गणितात ४ च्या खाली गेलं तर? इंग्लंडमध्ये अठरा वर्षांपर्यंत शिक्षणात किंवा प्रशिक्षणात राहणं बंधनकारक आहे, आणि ४ नसलेल्या मुलांना तो विषय पुढे चालू ठेवावा लागतो. ३ असेल तर जीसीएसईच पुन्हा द्यायची. नोव्हेंबरमध्ये फक्त या दोन विषयांची फेरपरीक्षा असते. सोबत बीटेक (इथला व्यावसायिक अभ्यासक्रम, आपली बी.टेक. पदवी नव्हे) किंवा टी-लेव्हल (तांत्रिक अभ्यासक्रम) करता येतं. टी-लेव्हल २०२० पासून आहे, दोन वर्षांचं, तीन ए-लेव्हलच्या तोडीचं, आणि त्यात किमान ३१५ तास प्रत्यक्ष कंपनीत काम करायचं असतं. आपल्याकडे याला कमी लेखतात. इंजिनिअरिंगची टी-लेव्हल करून चांगल्या अप्रेंटिसशिपला लागलेली मुलं मी शिकवली आहेत आणि ती सुखात आहेत.

अर्जाचं वेळापत्रक: सिक्स्थ फॉर्मसाठी बहुतेक ठिकाणी थेट त्या शाळेकडे किंवा कॉलेजकडे अर्ज करायचा, शरद ऋतूपासून जानेवारीपर्यंत. स्वतःच्या शाळेतही ग्रेडची अट लागू असते, 'आपलीच शाळा आहे' म्हणून ती सुटत नाही. एकापेक्षा जास्त ठिकाणी अर्ज करता येतो, करावाच. तुमच्या मुलीसाठी मी तीन ठिकाणं निवडेन: एक जिथे गणिताला ७ आणि सायन्सला ७-७ लागतं, एक जिथे ६ आणि ६-६ पुरतं, आणि एक मोठं कॉलेज जिथे बायॉलॉजी-केमिस्ट्रीबरोबर जिऑग्रफीही जमू शकतं. जिऑग्रफी ७ हा तिचा भक्कम विषय आहे. बायॉलॉजी, केमिस्ट्री, जिऑग्रफी हा गट पर्यावरणापासून फार्मसीच्या काही अभ्यासक्रमांपर्यंत चालतो, आणि चौथं गणित हवंच असेल तर ऑगस्टचा ग्रेड बघून ठरवता येईल. आज तिच्याशी हे बोलताना 'गणित नाही जमलं तर' असं म्हणू नका, 'जिऑग्रफी तुला आवडते ना' असं म्हणा.

निकाल ऑगस्टमधल्या एका गुरुवारी सकाळी लागतो, ए-लेव्हलनंतरच्या आठवड्यात. त्या आठवड्यात भारतात जायची तिकिटं काढू नका. दरवर्षी दोन-तीन मुलांच्या जागा अशा हुकताना बघते. एखादा ग्रेड एकाने कमी पडला तर घरी रडत बसू नका, त्याच दिवशी त्या टेबलापाशी स्वतः जा. रिकाम्या जागा असतात, आणि आम्ही माणसं असतो. सीमेपासून दोन-तीन गुण दूर असाल तर शाळेमार्फत फेरतपासणी मागता येते. शुल्क लागतं, ग्रेड बदलला तर परत मिळतं, पण गुण कमीही होऊ शकतात.

मॉकचे सायन्सचे सहा आकडे हाती आले की इथेच लिहा, आणि मुलाच्या फॉर्मवर कोणत्या रकान्यात कोणते विषय आहेत तेही. ते बघितल्याशिवाय त्याच्याबद्दल याहून जास्त सांगणं बरोबर होणार नाही.